अध्यक्ष बदलून महाबळेश्वरला

ज्या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो, त्या वर्षी माझ्या नवऱ्याचा साखर कारखाना पेटलाच नव्हता. धरणात पाणी नाही म्हणून शेतात ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही, आणि गाळप नाही म्हणून प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा माझा नवरा घरी बसून माझ्या भाजीत तेल किती पडतंय ते तपासायचा. मी माजलगावात शाळेत शिकवत होते. सुट्टी लागताच आम्ही दोघं आणि आमची सातवीतली मुलगी माझ्या सासरी, गावाकडे गेलो.

गावाकडे सासू आणि सासरे दोघंच असत. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, नवरा दादा; सासूबाईंना मी आत्याबाई. गाई चारा छावणीत बांधलेल्या, विहिरीच्या तळाला नुसते दगड, आणि दारापुढे रिकामी निळी पिंपं. सकाळी टँकरची वाट बघायची, दुपारी छावणीत जाऊन गाईंच्या अंगावरून हात फिरवायचा, की दिवस संपला. अशात पहिल्याच संध्याकाळी मुलीनं सांगितलं, "आपण महाबळेश्वरला जाऊ." तिची वर्गमैत्रीण जाऊन आली होती आणि तिथं मे महिन्यात स्वेटर घालतात असं तिनं सांगितलं होतं. आमच्या छपराचा पत्रा तेव्हा इतका तापायचा की त्यावर वाळत घातलेला पापड भाजूनच खाली यायचा.

मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसल्यामुळे त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती बोलली जात नसे, ती मांडली जायची. कांदे संपले तरी ते म्हणायचे, "विषय लक्षात आला."

"सूचना चांगली हाय," ते नातीला म्हणाले. "पण घाई नको. रीतसर सभेपुढं येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. सभा म्हणजे आम्ही चौघं ओट्यावर. आत्याबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या आत, हातात काहीतरी निवडत. मामांनी घसा साफ केला आणि अडचण सांगितली. "गावात प्यायला पानी न्हाई आन् चेअरमन सहकुटुंब थंड हवा खायला गेला, असं म्हनतील. संस्थेत तोंड कसं दाखवू?"

"तुमी गेला न्हाई तर टँकर लवकर येनार हाय का, दादा?" नवऱ्यानं विचारलं.

"प्रश्न टँकरचा न्हाई, संदेश काय जातो त्याचा हाय."

मग त्यांनीच तोडगा काढला. सहलीला सहल म्हणायचं नाही, अभ्यास दौरा म्हणायचं. आणि उद्या कुणी विचारलंच तर खोटं ठरू नये म्हणून वाटेत थोडा अभ्यास करूनही घ्यायचा. कडा या गावी त्यांचे एक जुने स्नेही होते, ते कोरडवाहू शेतात काहीतरी नवं करत होते, तिथं थांबायचं. नगरच्या पुढे एक दूध शीतकरण केंद्र होतं, ते बघायचं. ओढ्यावर बंधारे घातलेलं एक गाव होतं, तिथं तर जायलाच हवं. एका ठिकाणी ठिबकवर डाळिंब होतं. नवरा अंगणातल्या धुळीत काडीनं रस्ता आखत होता आणि मामा मुक्काम वाढवत होते. काडी वाईपर्यंत पोचली तेव्हा सुट्टी संपली होती.

मुलगी बराच वेळ त्या धुळीकडे बघत होती. "म्हणजे आपण महाबळेश्वरला पोचायचं आणि लगेच गाडी वळवायची?"

"अगं, तिथं बघायला तसं काय न्हाई," मामा म्हणाले. "मी गेलतो ना. मला महाबळेश्वर तोंडपाठ हाय."

त्यावर उंबऱ्याच्या आतलं निवडणं जरा थांबलं. तेवढ्यात कुणीतरी टँकर आल्याचं ओरडलं म्हणून सभा तहकूब झाली.

टँकरपाशी मी आणि आत्याबाई घागरी घेऊन रांगेत उभ्या होतो. पुढच्या बाईनं वळून मला विचारलं, "सुट्टीत कुटं जानार का न्हाई?"

मला घरून पढवलेलंच होतं. मी म्हणाले, "अभ्यास दौरा आहे."

"कशाचा अभ्यास?"

हे मला कुणी पढवलं नव्हतं. मी शाळेत मुलांना कधी असं गप्प केलं असेल तर ते मला त्या दिवशी फेडावं लागलं. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "कशाचा न्हाई. महाबळेश्वरला चाललोय. हिंडायला."

अख्खी रांग आमच्याकडे वळली. मला वाटलं, आता मामांचा संदेश गेला. मग आमची शेजारीण, आत्याबाईंच्याच वयाची, म्हणाली, "मग जा की. हितं बसून काय पाऊस पडनार हाय? आन् येताना चने आन. मागं तुजा मालक गेलता तवा आनलेले. लई खमंग व्हते." दुसरीनं तिथं खरंच ढग हाताला लागतात का ते बघून यायला सांगितलं. तिसरी म्हणाली, तुमच्या गाईंना पाणी मी दाखवीन, काळजी करू नका. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता. मामा ज्या गावाला भीत होते ते गाव टँकरच्या रांगेत तरी मला दिसलं नाही.

घरी येताना आत्याबाई वाटेतल्या लिंबाखाली थांबल्या. डोक्यावरची घागर तशीच. "तुला ठावं हाय का, मी संचालिका हाय?"

मला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती तरी नव्हतं.

दूध संस्थेच्या मंडळात बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा मामांनी घरचंच नाव सोपं म्हणून आत्याबाईंना निवडून आणलं होतं. तेव्हापासून त्यांचं काम इतकंच, की मामा कागद घेऊन चुलीपाशी यायचे आणि आत्याबाई पिठाचा हात पुसून सही करायच्या. पुढे एकदा तालुक्यातल्या सगळ्या संस्थांच्या महिला संचालकांचा अभ्यास दौरा निघाला. महाबळेश्वरला. आत्याबाईंनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

"मग?"

"मग माझ्या जागी हे गेलते."

मी हसू दाबलं आणि घागरीतलं पाणी माझ्या खांद्यावर सांडलं. आत्याबाईंना मात्र हसू आलं नाही. "का गेलते, ते बी मी इचारलं न्हाई. चने आनले, ते निवडून खाल्ले." एवढं बोलून त्या चालू लागल्या.

त्या संध्याकाळी तहकूब सभा परत भरली तेव्हा आत्याबाई उंबऱ्याच्या आत बसल्या नाहीत. ओट्यावर आल्या, पोतं अंथरलं आणि मामांच्या समोर बसल्या. मामा शीतकरण केंद्रात कुणाला भेटायचं ते सांगत होते.

"मला बोलायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

"बोल की."

"अध्यक्ष बदला."

मामांना वाटलं त्यांनी चुकून दुसरं काही ऐकलं. "काय बदला?"

"या सहलीचा अध्यक्ष. तुमच्यावर माझा इश्वास न्हाई."

मामा दुखावले होतेच, पण त्याहून जास्त ते नियमात अडकले होते. "असा मधीच अविश्वास आनता येत न्हाई. त्याला कारण द्यावं लागतं."

"कारण हाय. मागचा दौरा माझा व्हता. तुमी गेलते."

मामा नातीकडे बघू लागले, नात माझ्याकडे, आणि मी धुळीतल्या रस्त्याकडे. नवऱ्यालाही ही गोष्ट नवीन होती. त्यानं हळूच विचारलं, "महिलांच्या दौऱ्यात तुमी गेलते, दादा?"

"मी एकटाच न्हाई," मामा घाईनं म्हणाले. "सगळेच गेलते."

ते बचावासाठी म्हणाले खरे, पण ठराव तिथंच मंजूर झाला. तरी रीतीप्रमाणे हात वर करायला सांगितले गेले. मुलीनं दोन्ही केले, त्यातला एक मामांनीच बाद धरला. मी हात वर केला. नवरा म्हणाला, "मी तटस्थ," आणि मी त्याच्याकडे बघितल्यावर त्यानंही केला. मामांनी सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "ठराव बहुमतानं मंजूर." आवाज पडलेला होता, पण सभा त्यांनी शेवटपर्यंत नीट चालवली.

आत्याबाईंच्या अध्यक्षतेखाली रस्ता एकदम सरळ झाला. कडा, नगर, वाई आणि घाट. शीतकरण केंद्र गेलं, बंधारे गेले, डाळिंब गेलं. कड्याला फक्त चहापुरतं थांबायचं, तेही मामांचं तोंड अगदीच उतरलं म्हणून. गावातल्याच एकाची जीप ठरली. आमच्या वाट्याचं पाणी शेजारणीला आणि गाईंची जबाबदारी रांगेतल्या त्या बाईला देऊन झाली. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गोधड्या. मग तिथं काय काय बघायचं हा विषय निघाला. तिथं जाऊन आलेला माणूस घरात एकच होता.

"तिथं पॉइंट असतात म्हनं," आत्याबाईंनी मामांना विचारलं. "पॉइंट म्हंजी काय?"

"पॉइंट म्हंजी... जागा असती. तिथं उभं राहायचं."

"आन्?"

"बघायचं."

"काय?"

मामांनी थोडा विचार केला. "खाली."

मला तेव्हाच शंका आली होती.

कड्याचा चहा दुपारच्या जेवणापर्यंत लांबला, तो भाग सोडला तर प्रवास चांगला झाला. घाट चढताना वारा गार झाला तशी आत्याबाईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि शेवटपर्यंत वर करू दिली नाही. आम्ही गोधड्या पांघरून बसलो.

दुसऱ्या दिवशी पॉइंटवर मामा पुढे झाले. तोंडपाठ असलेल्या माणसाला मागे राहता येत नाही. "आता हे डावीकडं वळलं की मोठा धबधबा," ते म्हणाले. डावीकडे घोड्यांची लीद होती. "बहुतेक उजवीकडं." उजवीकडे भाजलेल्या कणसांची गाडी होती. कणीसवाल्या बाईनं विचारलं, "आजोबा, पहिल्यांदाच आलात का?"

"न्हाई," मामा म्हणाले.

आत्याबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. खाली दरी, दरीच्या तळाशी धरणाच्या पाण्याची चकचकीत पट्टी. त्या मागे न बघताच म्हणाल्या, "खरं सांगा. काय बघितलं तुमी हितं?"

मामा कठड्यावर टेकले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग सांगू लागले. बस भरून माणसं आली होती, एकूणएक कुणाचे ना कुणाचे नवरे. पहिल्या सकाळी मोठ्या शहरातून शिकवायला साहेब आले होते. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. समोर सगळे फेटे आणि मिशा बघून ते जरा थांबले, पण लिहिलेलं होतं ते वाचलं. "भगिनींनो, तुम्ही आता चूल आणि मूल यांतून बाहेर पडला आहात."

मुलगी कठड्याला धरून खाली बसली. नवऱ्यानं चष्मा काढला.

"टाळ्या वाजवल्या का?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाजवल्या. सगळ्यात जास्त आमी पुढच्या रांगेतल्यांनी. मग ते म्हनले, तुमच्या अडचनी सांगा. कुनी उठंना. शेवटी मीच उठलो."

"काय सांगितलं?"

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हनलं, घरची मान्सं भाईर पडू देत न्हाईत."

आत्याबाई हसल्या तेव्हा आधी मला कळलंच नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. मग पदर सुटला आणि त्या मोठ्यानं हसू लागल्या, इतक्या की कणीसवाली बाई गाडी सोडून बघायला आली. मामांनी त्यानंतरचं सगळं सांगून टाकलं. भाषण झाल्यावर दार लावून पत्ते मांडले ते बस निघेपर्यंत. पॉइंट एकही बघितला नाही. चणे बस थांबली तिथं घेतले.

"म्हंजी आपन दोघं बी पैल्यांदाच आलो," आत्याबाई म्हणाल्या. मामांनी मान हलवली आणि सगळ्यांना कणसं घेतली.

संध्याकाळी वेण्णा तलावावर गेलो. मामांना पाण्याची भीती वाटते हे मला तिथं कळलं. ते काठावर चपला धरून बसले. आत्याबाई नातीबरोबर पायानं मारायच्या होडीत बसल्या आणि तलावाच्या मधोमध जाऊन थांबल्या. वेळ संपली म्हणून होडीवाल्यानं शिट्टी मारली, हात केले. होडी हलेना. मुलगी नंतर म्हणाली, आजीनं पाय वर घेतले होते आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता. "एवढं पानी," आजी सारखी म्हणत होती, "आन् कुनी भांडंना."

परत आल्यावर संस्थेच्या पुढच्याच मासिक सभेला आत्याबाई स्वतः गेल्या. मामा चेअरमनच होते, त्यांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. पहिल्या सभेत आत्याबाईंनी एकच गोष्ट मांडली. सभा सकाळी असते, तेव्हा बायका धारा काढतात, म्हणून ती दुपारी घ्या. झालं तसं. मग बाकीच्या दोन संचालिकाही येऊ लागल्या. त्यांचे नवरे सवयीनं बरोबर यायचे, पण आत जागा नसल्यामुळे बाहेर पारावर बसायचे. आतला आवाज वाढला की त्यातला एखादा दारात येऊन विचारायचा, "झालं का न्हाई?" आणि आतून मामा सांगायचे, "न्हाई अजून. यांचं लई बोलायचं राहिलंय."