आईचे डोळे तपासायचे राहिले

मी निघालो तेव्हा द्राक्षांचा हंगाम भरात होता आणि आई पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. मुंबईला जाणारी गाडी हायवेवर थांबवून मी आत गेलो. तिच्या डोक्यावर जाळीची टोपी, हातात छोटी कात्री. घडातला डागी मणी तिच्या नजरेतून कधी सुटत नसे.

"दोनच वर्षं ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग जा. तिकडं त्यांचं बघायला कुणी नाय. हितं आम्ही हाय एकमेकांना."

त्याला आता नऊ वर्षं झाली.

मी डोळे तपासणारा तंत्रज्ञ. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. ती कुणाची करायची हे तपासून सांगणं माझं काम. शहरात, इंदिरानगरात चष्म्याच्या दुकानात नोकरी करायचो आणि रविवारी एका सेवाभावी संस्थेबरोबर पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर मोफत शिबिरांना जायचो. तीच संस्था इथे, आफ्रिकेतल्या मलावीत, दवाखाना चालवते. राहायला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च. दोनाची चार वर्षं झाली, मग मी मोजणं सोडलं. आता 'वर बघा, खाली बघा' हे इथल्या भाषेत आपोआप तोंडात येतं. भाकरीच्या जागी मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा खातो आणि तो आवडतो की नाही, याचा विचार करत नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे माहीत असेल. आवडण्या-न आवडण्याचा प्रश्नच हळूहळू बंद होतो.

आमच्या संस्थेचं शिबिर मी इकडे असताना दोनदा आमच्या गावच्या शाळेत झालं. दोन्ही वेळा आईने सगळ्यांसाठी पोहे केले, बाकं लावून घेतली, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेलं. धाकटी बहीण सुनीता तिला म्हणाली, "तू पण बस की मशीनपुढं."

"येडी का तू? लग्नात घरचे पहिल्या पंगतीला बसतात का? लोक म्हणतील, पोराच्या वशिल्यावर नंबर लावला."

तिची पंगत येईपर्यंत मशीन गाडीत चढलेलं असे.

मग एकदा फोनवर ती म्हणाली की डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं वाटतं. बाहेर माझी रांग उभी होती. मी म्हणालो, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मी आलो की बघू." मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, लगेच दाखवायचं असतं, हे मी इथल्या लोकांना रोज सांगतो. आईला मात्र आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत आले तेच सांगितलं. डोळ्यातला दाब मोजून घे, एवढंही म्हणालो नाही. व्हिडिओ कॉलवर ती सरळ माझ्याकडे बघायची. मला तेवढं पुरलं.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा ती सुनीताकडे, इंदिरानगरात राहायला आली होती. पहिल्याच सकाळी मी समोर ठेवलेला चहाचा कप तिने हाताने चाचपून शोधला. कप तिच्या कोपराशीच होता. मी त्याच दिवशी तिला माझ्या जुन्या दुकानात नेऊन तपासलं. काचबिंदू होता. त्यात डोळ्यातला दाब वाढून नजर कडेकडून आटत जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब वेळेवर सुरू केले तर उरलेली टिकते. एका डोळ्यात टिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्यात थोडं होतं.

तिला वाटत होतं, पोरगा आला, आता मोतीबिंदू निघेल. दोन दिवस मी तसंच वाटू दिलं. तिसऱ्या दिवशी सुनीताच्या स्वयंपाकघरात तिच्यापुढे बसलो.

"आई, हा मोतीबिंदू नाही. काढता येत नाही. पिकू दे म्हणालो ती माझी चूक. तेव्हाच थेंब सुरू झाले असते तर एवढं झालं नसतं."

ती मटार सोलत होती. शेंग बोटांनीच चाचपत होती.

"तिकडं कुणाचा असा निघाला तर काय करता?"

"थेंब देतो. घरी जाऊन सांगतो, सोडू नका म्हणून."

"घरी जाऊन?" ती जराशी हसली. "मग बरं हाय त्यांचं."

पुढची शेंग हातात घेऊन म्हणाली, "दाराच्या चौकटी लागायच्या मला. लय दिवस. तुला नाय सांगितलं."

"का?"

"सांगितलं असतं तर तू आला असता."

सुनीता ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. आईने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिने मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं, किडके दाणे बघ म्हणाली. मी बघितले. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

महिन्याभराने मी मलावीत परत आलो. तिने जा म्हटलं हे खरं. तिच्यासमोर बसवत नव्हतं हे जास्त खरं.

आता तिकडे संध्याकाळचे सात वाजले की इकडे दुपारचे साडेतीन होतात. मी फोन लावतो. सुनीता आईच्या डोळ्यात थेंब टाकते आणि फोन तिच्या कानाशी धरते. थेंबानंतर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं, म्हणून ती बोलत नाही. मीही बोलत नाही. मागे कुकरची शिट्टी होते, खालून कुणीतरी गाडी चालू करतं. घर कुठे, असं कुणी विचारलं तर माझ्याजवळ ती पाच मिनिटं आहेत. बाहेर बाकावर लोक बसलेले असतात. त्यांना मी थांबवून ठेवतो.