उरेब पट्टी

कारखान्यात सगळ्या तिला मावशी म्हणत, वयाने मोठ्या बायकासुद्धा. खरी भाची मात्र एकच. बहिणीमागे तिच्याच घरी वाढलेली आणि त्याच कारखान्यात मशीनवर बसणारी. कामावर मावशी तिच्याशी जरा तुटकच वागे. ‘आपला तो बाब्या’ असं कोणी म्हणायला नको.

कटिंग मास्तर आता काम सोडणार होते. त्यांच्या टेबलाशी कोणाला उभं करायचं, हे मालकीणबाईंनी मावशीवर सोपवलं. त्या तोडीच्या दोघीच होत्या, भाची आणि खिडकीजवळची ठेंगणी. दोघींनी एकेक फ्रॉक शिवायचा आणि गळ्याला उरेब, म्हणजे तिरक्या कापाची, पट्टी लावायची, असं ठरलं. शिवणारीचा हात त्या पट्टीवरच कळतो. कापड सरळ कापलं तर हट्टी राहतं. तिरकं कापलं की ताण घेतं, गळ्याच्या गोलाईवर अलगद वळतं. पण जरा जास्त ओढलं की चुण्या पडल्याच.

फ्रॉक उलटे करून, नाव न सांगता समोर ठेवले होते. तरी भाचीचा मावशीने पाहताक्षणी ओळखला. पट्टीचा जोड खांद्याच्या शिवणीशी लपवायची सवय तिनेच लावलेली. दुसऱ्या फ्रॉकच्या गळ्याला एक बारीक चुणी होती. मावशीने ती पाहिली, अंगठ्याने सपाट केली आणि म्हणाली, “हा बरा आहे.”

“ठीक. उद्या सांगते दोघींना,” मालकीणबाई म्हणाल्या.

घरी भाची पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत होती. विचारत मात्र काही नव्हती. मावशी गॅलरीत नवऱ्याजवळ जाऊन बसली. त्यांचा जन्म वाचनालयात गेलेला. शब्द विचारला की स्वारी खूश.

“अहो, पक्षपाताला इंग्रजीत काय म्हणतात?”

“बायस. फ्रेंचांकडून आलेला शब्द. मूळ अर्थ तिरपं. तुमच्या उरेब कापडालाही ते बायसच म्हणतात.”

“कापडाचा पक्षपाताशी काय संबंध?”

“त्या दोन अर्थांच्या मधे एक खेळ आहे. त्यातला लाकडी चेंडू मुद्दामच एका अंगाला झुकता करतात. सरळ सोडला तरी वळत जातो. त्या झुकण्यालाही बायस म्हणायचे. तिथून शब्द माणसाच्या मनाला लागला.”

“मग नेम कसा धरायचा?”

“किती वळणार ते ओळखून थोडा बाजूला टाकायचा.”

“आणि वळेल या भीतीने फारच बाजूला टाकला तर?”

“तर गेला पलीकडे. पण आज तुला चेंडूचं काय पडलंय?”

मावशी उठून आत गेली.

सकाळी मशीनं सुरू व्हायच्या आत ती मालकीणबाईंकडे गेली. “कालचा माझा निवाडा धरू नका. एक फ्रॉक मी ओळखला होता. मास्तरांना दाखवा.”

“ओळखून त्याच्या बाजूने बोललात?”

“नाही, उलट.”

मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी दोन्ही गळे बोटांवर फिरवले, चुणीपाशी थांबले आणि बिनचुणीचा उचलला. तो भाचीचा निघाला.

संध्याकाळी दोघी चालत घरी येत होत्या. गोष्ट कारखानाभर झालेली.

“मावशी, काल तू मला बाद केलं होतंस?”

“हो.”

“काम वाईट होतं?”

“नाही. चांगलंच होतं.”

भाची म्हणाली, “परकी समजून पाहिलं असतंस तरी चाललं असतं गं. तू मला त्याहूनही खाली ठेवलंस.”

‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द मावशीच्या ओठांवर आले होते, पण ते खरे नव्हते. तिने भलं पाहिलं होतं ते स्वतःच्या नावाचं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

भाचीने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, कळेना. घराच्या पायऱ्या चढताना मात्र तिने मागे वळून विचारलं, “उद्या तुझी मोठी कातर नेऊ? मास्तर त्यांची घेऊन जाणार आहेत.”

“ने की,” मावशी म्हणाली, “पण धार लावून घे आधी.”