न पेरलेलं पीक

रॉकेलसारखा वास आला की मला भडंग आठवतं, खरंच. एम.एस्सी.च्या वर्षी कोल्हापूरच्या आमच्या लॅबमध्ये आमची सीनियर ताई विमानाच्या रॉकेलसारख्या इंधनातलं एक रसायन मोजायची. इंधन टिकावं म्हणून ते अगदी किंचित घालतात. एचपीएलसी मशीनमध्ये इंधन सोडलं की त्या रसायनाचा कागदावर उंचवटा उठायचा, त्याला इंग्रजीत म्हणायचं पीक. त्या दिवशी रसायन न घातलेलं इंधन सोडलं, तरी पीक आलं. म्हणजे ताईची वर्षभराची सगळी मापं संशयात. आमचे गाईड सर तापले, "पेरलंच न्हाय तिथं पीक कसं आलं गं? सिरिंज धुतलीस का?" ताई रडवेली झाली, पण तिनं बाटली उचलून बघितली. बूच गायब, तोंडाला रबरबँड लावून प्लास्टिक बांधलेलं आणि त्याला बाहेरून तिखट चिकटलेलं. "सर, ही बाटली स्कूटरवरनं तुम्हीच आणली न्हवं? हे तुमच्या भडंगाच्या पुडीचं प्लास्टिक हाय. प्लास्टिकमध्येबी हेच रसायन असतंय, तेच इंधनात उतरलं की." मग सरांनी बाटली भरली होती त्या मूळ कॅनमधलं इंधन काचेच्या बाटलीत घेऊन सोडलं आणि रेघ शेवटपर्यंत सपाट गेली. "दुष्काळ पडला बघ एकदाचा," सर म्हणाले, तेव्हा कुठं ताई हसली. परवा विमानाच्या शिडीवर तोच वास आला आणि मला जाम भूक लागली.