कोरड्या नदीची वाळू

आज सकाळी शेजारच्या बांधकामावर डंपरनं वाळू ओतली आणि तिचा ओला, थंड वास थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. जळगावातल्या ओट्यापाशी उभी होते ती मी भडगावला पोचले, गिरणेच्या पात्रात.

लहानपणीचा वैशाख होता. नदी कुठं दिसतच नव्हती, नुसती तापलेली वाळू. आई गुडघ्यांवर बसून हातांनी झिरा खणत होती. कोपरभर खड्डा झाला की तळाशी पाणी पाझरायला लागायचं. आधी गढूळ उपसून टाकायचं, मग नितळ पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. पण नितळातली पहिली वाटी परत वाळूत ओतायची, ही आमच्या घरची रीत. मी तहानेनं तीच तोंडाला लावली, तर आईनं हातावर फटका मारला.

"पहिली वाटी नदीनी शे!"

"पन नदी कोठे शे?" मी रडत विचारलं.

"खाले शे. तू तिना आंगवरच बठेल शेस."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आज मात्र तिचा तेव्हाचा राग माझ्या अंगात शिरला. मी तरातरा खाली उतरले.

"कुठली वाळू ही?"

"गिरणेची, ताई. एक नंबर," मुकादम खुशीत म्हणाला. "नदी कोरडीच पडलीय. नेली तर कोणाचं काय बिघडलं?"

"कोरडी? मग हे काय गळतंय?"

ढिगाखालून पाण्याची बारीक धार निघून गटाराकडे चालली होती. मुकादमानं ती पाहिली आणि चप्पल भिजू नये म्हणून पाय मागे घेतला.