टाळेबंदीतला गुडघा

माझा उजवा गुडघा बदलून मी घरी आले आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. आम्ही कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा दोघांनी मला खुर्चीत बसवून वर चढवलं होतं. डावा गुडघा उन्हाळ्यात करू, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात मी आणि माझे यजमान, दोघंच. मुलगी हडपसरला.

व्यायाम करून घेणारी फिजिओ जेमतेम दोनदा आली. मग पोलिसांनी तिला पुलावरूनच परत पाठवलं. पुढे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. हॉस्पिटल करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवलेलं, म्हणून टाके काढायला आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. अंगात रेनकोट, डोक्याला प्लास्टिकची टोपी.

"बाहेर पाऊस आहे वाटतं," हे म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत.

नवा सांधा सुरुवातीलाच वाकता केला नाही तर आतून चिकटत जातो आणि पाय आखडतो, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. म्हणून फोनवर फिजिओला बघत व्यायाम सुरू झाला. हे एका हातात फोन धरायचे आणि दुसऱ्या हाताने माझा घोटा मागे रेटायचे. मी ओरडले की हात काढून घ्यायचे.

"काका, सोडू नका. अजून दाबा," ती फोनमधून सांगायची.

"तुमचं बरं आहे, तुम्ही फोनमध्ये आहात. मला हिच्याबरोबर राहायचंय."

मला हसू यायचं आणि तेवढ्यापुरता पाय सैल पडायचा.

भाजीची रांग लागायची तिथे हेच जायचे. एक दिवस आले ते थेट पलंगावर पडले. ताप आला, मग खोकला. तपासणी झाली आणि ॲम्ब्युलन्स आली. दारातून पांढऱ्या पोशाखातल्या माणसाने मला विचारलं, "आजी, तुम्हाला त्रास आहे का काही?" मी वॉकर धरून उभी होते. "ताप नाही," मी म्हटलं.

"व्यायाम चुकवू नकोस. आल्यावर वाकवून बघणार आहे," हे म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

मला खाली जाता येत नव्हतं. पाय ओढत मी गॅलरीत गेले. गाडीत चढण्याआधी त्यांनी वर पाहिलं. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी शेजारच्या गॅलरीकडे बघून हात हलवला. मी हाक मारली, पण तोवर दार लागलं होतं.

नंतर मी एकटीच. खालच्या मजल्यावरच्या बाई दाराबाहेर उंच स्टुलावर डबा ठेवायच्या, कारण मला वाकता यायचं नाही. फिजिओ फोन करायची. "काकू, टॉवेल पायाला अडकवून स्वतःच ओढा." मी ओढायचे, दुखलं की सोडायचे. रेटणारं कुणी नव्हतं.

हे गेल्याचं मुलीने फोनवर सांगितलं. अंत्यसंस्कार तिकडेच उरकले, आम्हा दोघींपैकी कुणीही तिथे नव्हतं. पत्रे निघाल्यावर ती आली. मास्क लावून दारातच उभी राहिली, मग मात्र तिला राहवलं नाही.

हॉस्पिटल पुन्हा सुरू झाल्यावर तिने मला धरून, एकेक पायरी आडवं उतरवून खाली आणलं. डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला आणि म्हणाले, "लवकर यायला हवं होतं." मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. भूल देऊन त्यांनी तो जोर लावून वाकवला. थोडा सुटला. खुर्चीत बसले की अजून पाय पुढे लांबच राहतो.

आता मी मुलीकडे असते, इथे लिफ्ट आहे. गेल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "डाव्याची तारीख देऊ का?"

"नको," मी म्हटलं.

रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, आता सगळं सुरळीत आहे. फिजिओ रोज घरी येईल."

"येईल गं. माहितीये मला."

डावा गुडघा चालताना करकरतो. गरम पाण्याने शेकते, काठी घेते. बाहेरचा फेरा आता फाटकापर्यंतच होतो.