‘लेट’ शब्दाचं कूळ

देवासच्या बसस्टँडवर एक गृहस्थ मला रोज दिसत. बागलीची बस उशिरा आली की त्यांना मनापासून आनंद होई, कारण श्रोते आयते अडकून पडत. चष्मा पुसत ते एखाद्या इंग्रजी शब्दाचं कूळ सांगायला घेत.

एकदा ‘लेट’ निघाला. “मुळात अर्थ सुस्त. पुढे झाला उशीर, आणि मग थेट कैलासवासी! आहे की नाही गंमत?”

शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, “काका, आमच्याकडं असंच झालं. गेल्या महिन्यात अ‍ॅम्ब्युलन्स लेट हो गई, आणि आमचे हे... लेट झाले.”

आम्ही सगळे खाली बघू लागलो. ते मात्र बाईंकडे वळले आणि प्रेमाने समजावू लागले, “बाई, वाक्य चुकलं. मेलेल्या माणसाचा ‘लेट’ नावाच्या आधी लावतात.”