मिरची कांडपाचं बारसं

आमच्या साडूंच्या घरात बिननावाची म्हणून एक वस्तू सापडायची नाही. माणसांना नावं असतात, गाईम्हशींना असतात, इथपर्यंत आपलं सगळ्यांचं एकमत आहे. साडू तिथून पुढे सुरू होतात. पिंपळगाव रेणुकाईला त्यांचं घर आहे. त्या घरातल्या मोटारसायकलीचं नाव सुंदराबाई, कारण तिला निघायला फार वेळ लागतो. इन्व्हर्टरचं नाव जावईबापू. वर्षभर त्याची बडदास्त ठेवायची आणि ऐन गरजेला तो रुसून बसणार. रात्रभर कण्हणाऱ्या फ्रीजला ते काकू म्हणतात. बरं, नुसतं नाव ठेवून थांबतील तर ते साडू कसले! ती नावं आल्यागेल्यानंही घेतली पाहिजेत असा त्यांचा आग्रह. मी एकदा "फ्रीजमधलं पाणी देता का?" असं विचारून बसलो तर त्यांचा चेहराच उतरला. "पाव्हणं, फ्रीज काय म्हनता? काकूला वाईट वाटतं ना," म्हणाले, आणि माझ्यादेखत त्यांनी फ्रीजच्या दारावरून समजूत काढल्यासारखा हात फिरवला. मी मुकाट्याने काकूकडून पाणी घेतलं.

विहिरीतल्या मोटरीचं नाव सरपंच. आवाज मोठा आणि पाणी बेताचं, म्हणून. एका सकाळी तिचा दोर तुटला आणि ती धप्पकन पाण्यात गेली. साडू काठावर उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडले, "पळा रे! सरपंच विहिरीत पडला!" निम्मं गाव हातातलं काम टाकून धावलं. कुणी बाज आणली, कुणी शिडी आणली, आणि खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून सगळ्यांच्या पुढे पळत आले ते गावचे खरे सरपंच. विहिरीत कोण पडलंय हे कळल्यावर ते दोर घेऊन तसेच परत गेले. आजही ते साडूंशी कामापुरतंच बोलतात.

अशा या माणसाला स्वतःच्या धंद्यासाठी नाव मिळेना, हे मला बायकोने सांगितलं तेव्हा आधी मी हसलो. साडूंच्या शेतात मिरची होते. आजवर ते हिरवी मिरची तोडून गावच्या बाजारात नेऊन देत आले. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की आता वाळवायची, कांडायची आणि आपल्याच पुड्यांतून विकायची. घराशेजारी पत्र्याचं शेड उभं राहिलं, त्यात कांडपाचं मशीन येऊन बसलं. कर्जासाठी बँकेने फक्त एक कागद मागितला होता, धंद्याच्या नावाच्या नोंदणीचा. तेवढ्यासाठी साडूंनी तीन महिने घालवले. शेवटी मशीन देणारा माणूस चिडला आणि निरोप ठेवून गेला, की परवा दुपारपर्यंत बँकेचं पत्र आलं नाही तर मशीन उचलून दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकाला देणार. "ताई फोनवर रडून राह्यली," बायको म्हणाली. "तुमी हापिसातले मानूस. जाऊन त्यांचा फार्म भरून द्या बरं." मी रजा टाकली आणि जालन्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. फॉर्म भरण्याच्या बाबतीत मी स्वतःला जरा हुशार समजतो, हेही सांगून टाकतो.

साडू शेडमध्येच होते. मशीन अजून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं होतं आणि साडू त्याच्यापाशी बसून फडक्याने त्याचे पाय पुसत होते. मी गाडीत बसून जुळवलेली नावं एकामागून एक सांगायला लागलो. देवाचं सांगितलं, गावाचं सांगितलं, त्यांच्या वडिलांचं सांगितलं. साडू प्रत्येक नावाला "बराबर हाय" म्हणत आणि पाय पुसत राहत. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, चांगलं ना? मग ठेवा की! उद्या मशीन उचलून नेतील. पाण्याच्या मोटरीला नाव ठेवता, आणि ज्याच्यावर पोट चालणार त्याला ठेवता येत नाही?" साडूंनी फडकं खाली ठेवलं. "पाव्हणं, मोटरीचं अलग. हे लेकरू हाय. लेकराचं नाव बाप ठेवत न्हाई. आत्या ठेवते."

साडूंना आणि ताईंना मूल नाही. आमच्याकडे हा विषय कुणी काढत नाही. आणि त्यांच्या घरची आत्या म्हणजे साडूंची थोरली बहीण, धावड्याच्या अक्का. त्यांच्याशी या घराचा पाच-सहा वर्षं अबोला होता. अक्कांच्या नातवाचं बारसं होतं, पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या, बाळाची आत्या नाव सांगून पाठीवर धपाटे खात होती, आणि अक्का थट्टेच्या भरात बोलून गेल्या, "आमच्या पाठीला कुठले धपाटे? भावाच्या घरी पाळना हलला तर!" ताई तेव्हा घुगऱ्या वाटत होत्या. त्यांनी ती परात तशीच जमिनीवर ठेवली आणि बाहेर येऊन सुंदराबाईपाशी उभ्या राहिल्या. साडूंनी गाडी काढली. त्या दिवसापासून ना हे धावड्याला गेले, ना अक्का पिंपळगावला आल्या. आता या माणसाला नाव हवं होतं ते त्याच अक्कांकडून, आणि तोंड उघडून मागायची हिंमत होत नव्हती. उद्या दुपारी मशीन जाणार होतं.

"आधी केंद्रावर तर चला, नावाचं तिथं बघू," असं म्हणून दुपार कलल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढतच सेवा केंद्रावर नेलं. ताईही निघाल्या. हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. डबा कशाला, असं मी विचारलं तर "असू द्या" म्हणाल्या. केंद्र चालवणाऱ्या मॅडम भराभर टाइप करणाऱ्या होत्या. त्यांनी साडूंचा आधार क्रमांक टाकला आणि हात पुढे केला. "ओटीपी सांगा, जल्दी." साडूंनी आपला मोबाइल काढून पाहिला. काही नव्हतं. मॅडमनी पुन्हा पाठवला. पुन्हा काही नाही. मी साडूंच्या हातातून मोबाइल घेऊन उलटासुलटा केला, जणू काही त्यातून ओटीपी खाली पडणार होता. मॅडम म्हणाल्या, "काका, आधारला दुसरा कोनाचा नंबर जोडलेला दिसतोय. आठवा. तो मोबाइल असल्याबिगर पुढचं पान उघडत न्हाई, आन नंबर बदलायला भोकरदनला जावं लागंल. आज काय होत न्हाई ते."

साडू जमिनीकडे बघत होते. "अक्काचा हाय," ते म्हणाले. आधार काढायचं शिबिर गावात आलं तेव्हा सगळ्या भावकीत मिळून एकच मोबाइल होता, तो अक्कांचा, आणि सगळ्यांनी तोच नंबर देऊन टाकला होता. मी ताईंकडे पाहिलं. त्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होत्या. भिंतीवरचं घड्याळ चारच्या पुढे गेलं होतं आणि केंद्र पाचला बंद होणार होतं.

साडूंनी नंबर लावला. पाठ होता. फोन त्यांनी टेबलावरच ठेवला आणि आवाज मोठा केला. "हालो, कोन?" "अक्का, मी हाय." पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग अक्का म्हणाल्या, "बोल." साडू घाईघाईने म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर मेसेज आल्ता का बघ. त्यात सा आकडे असतील. तेवढे सांग." पलीकडे ठिणगी पडली. "इतक्या वर्सांनी फोन केला, त्यो आकड्यासाठी? बहीन मेली का जिती हाय ते इचारलं न्हाईस, आन आकडे सांग?" मॅडम घड्याळाकडे बोट दाखवायला लागल्या. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, "अक्का, फार निकड आहे हो. तेवढे आकडे सांगा, बाकीचं मागून बोला." त्यावर अक्का कडाडल्या, "फोनवर बिलकुल सांगनार न्हाई. बँकवाले सांगून राह्यले ना, ओटीपी कोनालाबी सांगू नका म्हनून? मी येते." आणि फोन बंद.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. धावड्याहून जीप मिळणार कधी, भरणार कधी, निघणार कधी! मी रस्त्यावर जाऊन बघून यायचो, आत येऊन मॅडमला थांबा म्हणायचो, पुन्हा बाहेर जायचो. मॅडमनी दोनदा संगणक बंद करायला हात नेला. पाच वाजून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, पर्स खांद्यावरून उतरवून पुन्हा बसल्या. मला उद्याच्या मशीनची काळजी होतीच, पण त्याहून जास्त धास्ती होती ती अक्का आणि ताई समोरासमोर येण्याची. पुन्हा तसलं एखादं वाक्य निघालं असतं तर या घराचा तो दरवाजा कायमचा बंद झाला असता.

जीप थांबली. अक्का उतरल्या, पदर डोक्यावर, मोबाइल मुठीत घट्ट धरलेला. आत येऊन त्या थेट मॅडमच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मॅडमनी नवा ओटीपी पाठवला, तो वाजला, आणि अक्कांनी मोबाइल छातीशी धरून एकेक आकडा जपून जपून सांगितला. पान उघडलं. मॅडम सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "हां, व्यवसायाचं नाव?" साडू म्हणाले, "आत्याला इचारा." अक्कांनी दचकून भावाकडे पाहिलं. मग ताईंकडे. त्या मोबाइलभोवती पदराचं टोक गुंडाळायला लागल्या. एवढ्या तोंडाळ बाईला मी असं बावरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मला काय इचारता," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझ्या जिभंला हाड न्हाई, ते सगळ्यांला म्हाईत हाय."

ताई उठल्या. त्या अक्कांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि मान कलती करून म्हणाल्या, "असं मोठ्यानं सांगत न्हाईत अक्का. आधी कानात सांगावं लागतं."

अक्का वाकल्या आणि त्यांनी ताईंच्या कानात काहीतरी सांगितलं. ताईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी हात उचलला आणि अक्कांच्या पाठीत असा काही धपाटा घातला, की टेबलावरचा पेन खाली पडला. पाठोपाठ दुसरा घातला. दुसऱ्याला अक्का रडायला लागल्या आणि तिसऱ्याला ताई. "लिवा मॅडम," ताई म्हणाल्या. "गोजिरी."

"मिरचीच्या कांडपाला गोजिरी?" मॅडमनी विचारलं. "आमच्या लेकराचं नाव हाय," साडू ठासून म्हणाले. "तिखट ती मंग व्हईल." अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या लगनातच ठरवून ठेवल्तं मी." तेव्हा ताईंनी पिशवीतला डबा काढून उघडला. त्यात घुगऱ्या होत्या. हरभरे आदल्या रात्रीच भिजत घातल्याशिवाय घुगऱ्या होत नाहीत, एवढं मलाही कळतं. मी ताईंकडे पाहिलं, पण त्या मॅडमच्या हातावर घुगऱ्या वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बँकेचं पत्र मिळालं आणि मशीन जागचं हललं नाही. गोजिरीचा आता दुसरा हंगाम चालू आहे. कुणी मिरची घेऊन आलं आणि मशीन बंद असलं, की साडू ओठावर बोट ठेवून "आत्ताच निजलीय, जरा बसा" म्हणतात, आणि लोक खरंच हळू आवाजात बोलायला लागतात. मला आधी हसू येई. आता येत नाही. ताई रोज संध्याकाळी शेड झाडून झाल्यावर मशीनवर आपली जुनी, मऊ साडी पांघरतात, ते एकदा पाहिल्यापासून मीही तिथे हळूच बोलतो.

परवा गेलो होतो तेव्हा साडूंना म्हटलं, "आता तरी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. बँकेच्या प्रत्येक कामाला ओटीपी लागतो. दर वेळी अक्कांना कशाला त्रास?" साडूंनी लाल झालेले हात फडक्याला पुसले. "पाव्हणं, नंबर अक्काचा हाय ते मला का तवा ठाऊक नव्हतं? गावात दोनदा शिबिर आल्तं नंबर बदलायचं. समदे बदलून आले. मी न्हाई गेलो. तो बी बदलला असता, तर मंग अक्काला फोन कोन्या तोंडानं लावला असता?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. अक्कांचा होता, त्यांच्या मोबाइलवर बँकेचे आकडे आले होते. साडूंनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि ताईंना हाक मारून चहाचं आधण वाढवायला सांगितलं. अक्का अजूनही ओटीपी फोनवर सांगत नाहीत.